बापू उना का?

भाऊ,

तुझ्या शाळेतल्या शोकसभेत तू शांत, मितभाषी आणि सोशिक होतास. मी शेजारी बसलेल्या वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं माझ्याकडे. दोघींनाही तो माणूस ओळखता आला नाही. विज्ञानाचा तास संपल्याची घंटा झाली तरी तुझं बोलणं संपायचं नाही आणि पुढच्या तासाचे सर दारात ताटकळत उभे राहायचे, हे कोणीच सांगितलं नाही. मेलेल्या माणसाला इतकं गुळगुळीत का करतात कोण जाणे. मी करणार नाही. मला तुझ्याशी एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे. एरवी फोनवर भांडून अर्ध्या तासात निकाल लागला असता. आता एकटीनंच लावायचा आहे.

गोष्ट मायची आहे.

तेरावं झाल्यावर मी तिला सावद्याला माझ्या घरी घेऊन आले. वहिनीची तब्येत पार उतरली होती. तिला म्हटलं, तू लेकीकडे जा, झोप काढ, मायचं मी बघते. माय निमूटपणे गाडीत बसली. धुळ्याच्या घराचं दार बंद होताना तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. पण इथे आल्यापासून रोज दिवेलागणीला ती दाराकडे तोंड करून बसते आणि मला विचारते,

"बापू उना का?"

बापू आला का. म्हणजे तू आलास का. भाऊ, याचं उत्तर काय द्यायचं, ते तू सांगून गेला नाहीस.

तू गेलास तेव्हा ती त्याच घरात होती. सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं. तिनं तुझ्या कपाळावरून हात फिरवला, केस नीट केले आणि आवाज न करता रडली. तिला सगळं कळलेलं होतं, याबद्दल मला शंका नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात येऊन ती वहिनीला म्हणाली, बापूचा चहा झाला का, त्याला शाळेत जायचंय. वहिनी चुलत्यांच्या सुनांमध्ये बसली होती, ती उठून न्हाणीत गेली. मी चहा केला आणि मायलाच दिला.

आबाकाकांचं म्हणणं स्पष्ट होतं. "पोटचा पोरगा गेला आन् आईला ठावं नाही, असं चालतं का? सांगा तिला. रडू द्या. हलकी होईल." वहिनीचं म्हणणं उलट. "ताई, सांगू नका. तुमचे भाऊ असते तर त्यांनी सांगू दिलं नसतं." माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी आबांच्या बाजूनं गेले. सावद्याला आल्यावर पहिल्या संध्याकाळी तिनं विचारलं, मी तिच्यासमोर बसले, तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं.

ती म्हणाली, "माले कोनी सांगं नही?"

मला कोणी सांगितलं नाही? एवढंच. मग ती रडली. जेवली नाही. सकाळी उठली तेव्हा चेहरा कोरा, आणि संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा "माले कोनी सांगं नही?" तोच धक्का, तेच रडणं, जराही जुनं न झालेलं. मला वाटलं होतं, सांगून सांगून ते कुठेतरी आत बसेल, पाढे बसतात तसं. तिसऱ्या वेळी माझं तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्यासाठी ती तिसरी वेळ होती. तिच्यासाठी दर वेळी पहिलीच.

आता तू हसला असतास, मला माहीत आहे. "बघ शोभे," म्हणाला असतास, "तुझी वेळ तिला लागू पडत नाही."

भाऊ, आपला हा वाद किती जुना! तू दर उन्हाळ्यात सावद्याला यायचास. बहिणीच्या मायेनं वगैरे नव्हे, माझ्या पिकवणीच्या खोल्यांच्या व्हरांड्यात गार लागतं म्हणून. बाहेर रस्ता भाजतोय, गावातला बहुतेक माल हिरवाच ट्रकमध्ये भरून उत्तरेकडे निघालाय, आणि मी भुसावळ-जळगावच्या हातगाड्यांसाठी चार खोल्यांत केळी पिकवतेय. तू खुर्ची टाकून बसायचास, मायला दुसऱ्या खुर्चीवर बसवायचास आणि माझ्या कामात तोंड घालायचास.

एकदा तू एक केळं सोललंस आणि ताटलीत त्याच्या पातळ चकत्या केल्यास. मला म्हणालास, "समज, एक प्राणी असा आहे की त्याला फक्त चकती दिसते. जाडी म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नाही. त्याच्यासमोरून केळं गेलं तर तो काय म्हणेल? आधी एक ठिपका आला, मग तो मोठा झाला, बराच वेळ मोठा राहिला, मग लहान होत होत नाहीसा झाला. तो म्हणेल, गोल जन्मला, वाढला, मेला."

"बरं मग?"

"मग काय! केळं अख्खंच होतं. त्याला लांबी बघता येत नाही म्हणून तो लांबीला वेळ म्हणतो. आपलं तसंच आहे. आपल्याला तीन बाजूंनी दिसतं. चौथ्या बाजूनं आपण चकती चकती करत जातो."

"आणि चिरल्यावर केळं काळं पडतं, ते कुठल्या बाजूनं?"

तू उत्तर शोधत होतास तोवर मायनं ताटलीतल्या सगळ्या चकत्या खाऊन टाकल्या होत्या. "गोड शे," ती म्हणाली. तू इतका हसलास की आत क्रेट लावणारी माणसं बाहेर डोकावली.

पण तू सोडणारा नव्हतास. दुसऱ्या दिवशी तू खोल्यांवरून सुरुवात केलीस. पहिल्या खोलीत आज भरलेला हिरवागार माल, दुसरीत कालचा, तिसरीत रंग धरलेला, चौथीत सकाळी गाड्यांवर जाणारा पिवळा. "तू या व्हरांड्यातून रोज चालतेस," तू म्हणालास, "पहिल्या दारापासून चौथ्या दारापर्यंत. म्हणजे दहा-बारा पावलांत तू केळ्याच्या आयुष्यातून चालत जातेस. चारही दिवस एकाच वेळी उभे आहेत. तू एका दारात असतेस म्हणून बाकीच्या खोल्या नाहीशा होत नाहीत. गेलेला दिवस कुठे जात नाही, शोभे. तो त्याच्या खोलीत असतो."

हे मला पटण्यासारखं होतं, म्हणूनच मी चिडले. मी चौथ्या खोलीतून एक पिवळी फणी आणली आणि तुझ्या मांडीवर ठेवली. "ही हिरवी करून दाखव. तुझ्या वेळेला जर खोल्याच आहेत तर हिला पहिल्या खोलीत परत जाता आलं पाहिजे. मी रोज गॅस सोडते, हिरव्याचं पिवळं करते. पिवळ्याचं हिरवं आजवर एकदाही झालं नाही. माझ्या धंद्यात वेळ एकाच दिशेनं जाते."

तू ती फणी उलटसुलट करून पाहिलीस. मग म्हणालास, "याला उत्तर आहे माझ्याकडे. पुढच्या खेपेला सांगतो."

तो गेला उन्हाळा. पुढची खेप झाली नाही. वहिनीला विचारलं, भाऊ काही बोलला होता का. ती म्हणाली, "ताई, ते माझ्याशी केळ्यांबद्दल नव्हते बोलत."

मला तुझा राग येत होता तो खरं म्हणजे वेळेवरून नव्हता. तू ते सगळं मायवर लावायचास, म्हणून होता. आपल्या वडिलांना, नानांना, जाऊन किती वर्षं झाली! माय विचारायची, नाना कुठे. तू वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणायचास, "शेतात आहेत." ती म्हणायची, "बरं." आणि कामाला लागायची. मी तुला गच्चीवर नेऊन झापलं होतं. म्हातारीला खोटं सांगतोस, मास्तर असून! तू म्हणालास, "खोटं कसं? नाना शेतात आहेतच. ज्या वर्षी आहेत त्या वर्षी आहेत. ती तिथून विचारते, मी तिथलं उत्तर देतो." मी म्हटलं, हे शब्दांचे खेळ तुझ्या वर्गात कर.

गेल्या श्रावणातल्या कानबाईच्या सणाला तर तू कहरच केलास. रोटांचे गहू काढायला माय बसली होती. आपल्याकडे घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मूठ घ्यायची, ते गहू दळायचे, त्याचे रोट करायचे, आणि ते फक्त कुळातल्या माणसांनी खायचे, पुनवेच्या आत संपवायचे. मायनं तुझी मूठ घेतली, तुझ्या मुलाची घेतली. मग हात पुन्हा डब्यात गेला. "हाई नानानी." मग आजोबांची. मग आजोबांच्या त्या भावाची, जो आपण कोणी पाहिलेलाही नाही. वहिनी कासावीस झाली. "अहो, त्या मुठी बाहेर काढा ना. देवाचं काम आहे, गेलेल्या माणसांच्या मुठी कशा चालतील?" आणि तू, देवाधर्माच्या नावानं कधी उदबत्ती न लावलेला, म्हणालास, "राहू दे. पुरुष घरातलेच आहेत ना?"

"आणि खाणार कोण एवढं?"

"आजोबांचा वाटा माझा."

मी लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेलेली, मला त्यातला तुकडा चालत नाही. मी नुसती बघत बसले. तू आणि तुझा मुलगा पुनवेपर्यंत रोट चावत होतात. शेवटी शेवटी ते इतके कडक झाले होते की तू ते दुधात बुडवून खात होतास, आणि वर मला फोन करून सांगितलंस, "आजोबांच्या भावाची भूक जबर होती गं." मी हसले नाही असं दाखवलं. हसले होते.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही, ती आज सांगून टाकते. मी बारावीला नापास झाले तेव्हा नानांनी बोलणं टाकलं होतं, आणि मी घरात कोपरा धरून बसले होते. तू तेव्हा नुकताच नोकरीला लागला होतास. शिंदखेड्याच्या बसस्टँडवर तू मला रसवंतीत बसवलंस आणि म्हणालास, "ते वर्ष तिथेच राहणार आहे. तू त्याला पुसू शकत नाहीस, म्हणून त्याच्याजवळ बसून राहू नकोस. ते त्याच्या जागी, तू तुझ्या जागी. चल." मला वाटलं होतं तू समजूत काढतोयस. आता कळतं, तुझं शास्त्रच ते होतं. पण त्याच्यावर मी उभी राहिले, भाऊ. पुढे खोल्या बांधताना, पहिला सगळा माल काळा पडला तेव्हा, यांचं आजारपण निघालं तेव्हा, प्रत्येक वेळी मी मनात हेच म्हटलं, की हे त्याच्या जागी, मी माझ्या जागी, चल. तुझ्या तोंडावर मी ती थिअरी कधी मान्य केली नाही आणि पाठीमागे आयुष्यभर वापरली.

तर आता मायचं.

तिसऱ्या संध्याकाळी मी सांगायचं थांबले. पण "शेतात आहे", "शाळेत आहे" असं तुझ्यासारखं ठोकून देणं मला जमेना. दोन-तीन दिवस मी "बघते हं" म्हणून स्वयंपाकघरात पळायची. ती दाराकडे बघत बसायची. आबांचा फोन आला, "सांगितलं ना?" मी म्हटलं, "सांगितलं. दोन वेळा." ते म्हणाले, "मग?" मी म्हटलं, "मग काही नाही."

परवा संध्याकाळी भाकरी टाकत होते. तिनं विचारलं, "बापू उना का?" आणि माझ्या तोंडून आपसूक गेलं, "नाही गं माय. कुठे असेल तो?"

असं तिला कोणी कधी विचारलंच नसावं. तिनं मान वाकडी केली, विचार केला, आणि म्हणाली, "निंबवर चढना व्हई."

निंबावर चढला असेल. मी तवा उतरवला आणि तिच्याजवळ जाऊन बसले. कुठला निंब, म्हटलं. मग ती बोलायला लागली, भाऊ, आणि बोलतच राहिली. सध्या तिला सकाळचं दुपारी आठवत नाही, पण हे तिनं समोर दिसत असल्यासारखं सांगितलं. गावच्या थांब्यावरचा मोठा निंब. शिंदखेड्याहून येणारी एसटी. तू एवढासा, चड्डी सांभाळत शेंड्यापर्यंत चढायचास आणि वरून ओरडायचास, "बस उनी! बस उनी!"

"बठ्ठा लोके खाले उभा राहेत," माय म्हणाली. सगळे लोक खाली उभे राहायचे. "रस्ता पाहेत. रस्तावर काहीच नही. म्हनेत, मास्तरीनबाईना पोऱ्या खोटा बोलस."

"तू कधी मास्तरीण होतीस?" मी म्हटलं.

"तो इतला शिकाडे माले, म्हनीसन म्हनेत." तू तिला इतकं शिकवायचास, म्हणून लोक तिला मास्तरीण म्हणून चिडवायचे. आणि ती लाजली! भाऊ, आपली माय लाजली. तू तिला अक्षरं शिकवत होतास हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. मी तेव्हा जन्मले नव्हते.

"मग? बस यायची का?"

"येयेच ना! वळणवरथून धूळ उडे, मंग बस ये. त्याले तठेन दिखास. आपले खालथून दिखत नही."

त्याला तिथून दिसते. आपल्याला खालून दिसत नाही.

खालच्यांसाठी ती बस अजून यायची होती. वरच्या पोरासाठी ती आलेलीच होती, वळणाच्या पलीकडे, धूळ उडवत. दोघांची बस एकच. तू एवढी वर्षं मला केळी चिरून दाखवलीस, खोल्यांतून फिरवलंस, आणि हे झाड काही सांगितलं नाहीस. विसरला असशील. किंवा तुला लोक खोटारडा म्हणाले ते लागलं असेल. हिरव्या-पिवळ्याचं उत्तर यात नाही, हे मी स्वच्छ सांगते. तो वाद मी हरलेली नाही. पण एक गोष्ट मला परवा तिथे कळली. मी जन्मायच्या आधीचा तू मला कधीच मिळणार नव्हतास. तुझे फोटो नाहीत, नाना बोलायचे नाहीत, तू स्वतःबद्दल सांगायचा नाहीस. तो पोरगा फक्त एका माणसाकडे आहे. आणि त्या माणसाला मी रोज संध्याकाळी ओढून ओढून माझ्या तारखेला आणत होते, तू गेलास हे ऐकवायला.

आबांना मी काल फोन करून सांगून टाकलं, यापुढे सांगणार नाही. ते रागावले. "आईचा हक्क आहे तो," म्हणाले. मी म्हटलं, आबा, तिचा हक्क तिला मिळालेला आहे. तिनं पोराच्या कपाळावरून हात फिरवला, केस नीट केले, रडली. ते पूर्ण झालेलं आहे. तिला आठवत नाही म्हणून ते न झालेलं होत नाही. ते आहे तिथे आहे. आबा म्हणाले, "तू अगदी त्याच्यासारखी बोलायला लागलीस." मी म्हटलं, अजिबात नाही, आणि फोन ठेवला.

वहिनीलाही कळवलं. ती म्हणाली, "मी आठ दिवसांत येते. मलाही ऐकायचं आहे." मी म्हटलं, ये. मायला विचारायचं कसं, ते मी शिकवते. उत्तर द्यायचं नाही, कुठे असेल विचारायचं. रोज निंबच असतो असं नाही. काल तू नदीवर होतास, म्हशीच्या पाठीवर. ऐकताना मला दोनदा पदर डोळ्यांना लावावा लागला, आणि तरी सांगते भाऊ, गेल्या महिन्याभरात इतकं बरं मला वाटलं नव्हतं. तू संपला नाहीस एवढंच नाही, मला तू अजून पुरता भेटलेलाच नाहीस.

आज संध्याकाळी पुन्हा निंब होता. ताटं वाढून झाली होती. मायनं ताटाला हात लावला नाही.

"त्याले हाक मार," ती म्हणाली. "भाकरी थंडी व्हई राहिनी."

मी म्हटलं, येईल गं, तू जेव.

"हाक मार म्हनस ना मी!"

मी उठले. ओट्यावर गेले. समोरच्या काकू तुळशीपाशी उभ्या होत्या, रस्त्यानं माणसं येत-जात होती. आणि मी, या वयाची बाई, चार खोल्यांचा धंदा सांभाळणारी, पदर खोचून, आवाज चढवून हाक मारली, "भाऊ! ये खाली, जेवायला चल!" खोटं काही बोलले नाही. नुसती हाक मारली. काकूंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहून मान हलवली आणि आत आले.

मायचा चेहरा निवला होता. तिनं तुझ्या भाकरीवर ताटली पालथी घातली, आपलं ताट पुढे ओढलं आणि मला बस म्हणाली.

"आपुन जेवी लेऊत," ती म्हणाली. "येई तो. इतला उच्चावरथून उतराले येळ लागस."